रजेच्या अर्जावरची सही

१ मे हा महाराष्ट्राचा वाढदिवस आणि कामगारांचाही दिवस. १९६० साली हे दोन दिवस एकत्र आले ते योग्यच झाले, कारण मुंबईसह महाराष्ट्र मिळवण्यासाठी गिरणगावातला कामगार रस्त्यावर उतरला होता. यंदाच्या कामगार दिनाला आणखी एक संदर्भ आहे. २९ जुने कामगार कायदे मोडीत काढून त्यांच्या जागी आणलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यानंतरचा हा पहिला कामगार दिन. कामाचे तास, किमान वेतन, नेमणूकपत्र, कामगार कपात यांवर आज सभा होतील, पत्रके निघतील. ती निघायलाच हवीत. पण या चर्चेत एक माणूस सहसा येत नाही, आणि बहुतेक नोकरदारांचा दिवस बरा जाणार की वाईट हे त्याच्यावर ठरते. तो म्हणजे थेट वरचा साहेब. कारखान्यातला सुपरवायझर, कॉल सेंटरमधला टीएल म्हणजे टीम लीडर, बँकेतला शाखाधिकारी, सॉफ्टवेअर कंपनीतला मॅनेजर.

हा विषय नवी मुंबईतून मांडावासा वाटतो. हे शहर नोकरीसाठीच वसवले गेले. साठच्या दशकात एमआयडीसीने ठाणे खाडीच्या पूर्वेला औद्योगिक पट्टा आखला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांचे मोठे कारखाने उभे राहिले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत याच कारखान्यांच्या गेटवर कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या सभा गाजल्या. पुढे यातले बरेच कारखाने बंद पडले, आणि ऐरोली, घणसोली, महापे भागात काचेच्या इमारती आल्या. आज या एकाच रस्त्यावर रासायनिक कारखान्यातला ऑपरेटर, रात्रपाळीत अमेरिकेतल्या ग्राहकाशी बोलणारी मुलगी, डेटा सेंटरचा तंत्रज्ञ आणि त्याच इमारतीत फरशी पुसणारी मावशी कामाला येतात. तुर्भ्याच्या बाजारात माथाडी आहेत, न्हावा-शेव्याला बंदर आहे, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आहेत. या सगळ्यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी संध्याकाळी ठाण्याकडे किंवा पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये त्यांचे बोलणे ऐकले तर एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी सापडते: ‘काम चांगलं आहे हो, पण साहेब...’ पुढचे वाक्य प्रत्येकाचे वेगळे असते.

हे वाक्य कंपनीच्या कागदावर कधीच येत नाही. राजीनाम्यात कारण लिहिलेले असते ‘वैयक्तिक’. जाताना एचआरवाले विचारतात, तेव्हा माणूस ‘घर लांब पडतं’ किंवा ‘पुढे शिकायचंय’ असे सांगून मोकळा होतो. खरे कारण सांगण्यात त्याचा फायदा काहीच नसतो, तोटा मात्र असतो. रिलिव्हिंग लेटर अजून हातात यायचे असते, नव्या कंपनीतून याच साहेबाला फोन जाणार असतो. नव्या वेतन संहितेने राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत थकलेला पगार देण्याचे बंधन घातले आहे, ही चांगली सुधारणा आहे. पण जाणारा माणूस का जातोय, हे त्याने निर्भयपणे सांगावे अशी सोय कोणत्याही संहितेत नाही. परिणामी कंपनीच्या तक्त्यात एकाच टीममधून वर्षभरात पाच माणसे ‘वैयक्तिक कारणाने’ गेलेली दिसतात आणि त्या टीमचा प्रमुख पुढच्या एप्रिलमध्ये बढती घेतो.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. गिरणगावात या साहेबाचे नाव जॉबर होते. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईला आलेला तरुण गिरणीच्या मालकाला कधी पाहत नसे. त्याला कामावर घ्यायचा जॉबर, काम शिकवायचा जॉबर, चांगला माग द्यायचा की मोडका हे ठरवायचाही जॉबर. खाडा झाला तर परत उभे करायचे की बदली कामगाराला त्याच्या जागी घ्यायचे, हेही त्याच्याच मर्जीवर असे. नोकरी लावून दिल्याबद्दल आणि टिकवल्याबद्दल तो दस्तुरी घेई. पुष्कळदा तोच व्याजाने पैसे देई, तोच राहायला खोली बघून देई. मात्र याच जॉबरच्या शब्दावर वाणी उधारी देत असे, आजारपणात तोच गावी निरोप धाडत असे आणि मालकाने फार ताणले तर काही वेळा तोच कामगारांच्या बाजूने उभा राहत असे. आपल्या माणसांना तोडले तर उद्या खाते चालवायला कोणी मिळणार नाही, हे त्याला कळत होते. म्हणून त्याला नुसता खलनायक म्हणून चालणार नाही. गिरणीमालकाने माणसे सांभाळायची जबाबदारी अंगावरून झटकली होती, आणि ती मोकळी जागा जॉबरने भरून काढली होती.

या अनिर्बंध सत्तेवर पहिले मोठे बोट ठेवले ते शाही कामगार आयोगाने. १९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या या आयोगाने १९३१ च्या अहवालात शिफारस केली की, कामगार घेणे आणि काढणे जॉबरच्या हातून काढून घ्यावे आणि कारखान्यात स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावा. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत आली. जॉबरचा जोर लगेच गेला नाही, पण एक तत्त्व मान्य झाले: कामगाराचे पोट एका माणसाच्या लहरीवर ठेवता येणार नाही.

ते तत्त्व आज कुठे आहे, हा प्रश्न नवी मुंबईत हिंडताना पडतो. कारखान्याचा कायम कामगार कमी झाला आणि कंत्राटी कामगार वाढला. त्याला एका वेळी दोन साहेब असतात. काम सांगतो कंपनीचा अधिकारी, पगार देतो ठेकेदाराचा सुपरवायझर. पीएफ भरला का, असे विचारले की कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार कंपनीकडे. अनेकदा हा ठेकेदार त्याच गावचा, नात्यातला असतो. ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, तिथल्या मुलांनाही कामाला लागताना अशाच कोणाचा तरी शब्द लागतो. जॉबरची जागा अशी भरलेली आहे.

आयटीत चित्र चकचकीत आहे, पण सत्तेची रचना फार वेगळी नाही. रजेचा अर्ज ॲपवर जातो, तो मंजूर करणारे बोट मात्र एकाच माणसाचे. कोणता प्रोजेक्ट मिळणार, प्रोजेक्टविना बेंचवर किती दिवस बसावे लागणार, परदेशी ग्राहकासमोर कोणाचे नाव घेतले जाणार, वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये कोणता दर्जा पडणार, हे बहुतांशी तोच ठरवतो. कॉल सेंटरमध्ये तर संडासला गेलेली मिनिटेसुद्धा टीएलच्या पडद्यावर मोजली जातात. शिवाय कायद्याचे कुंपण इथे अर्धेच आहे. औद्योगिक संबंध संहितेने २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी सम संख्येने असावेत, स्त्रियांना पुरेसे स्थान असावे आणि तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागावा, असे संहिता म्हणते. पण व्यवस्थापकीय काम करणारा, किंवा महिना १८ हजार रुपयांपेक्षा जास्त पगारावर देखरेखीचे काम करणारा माणूस संहितेच्या व्याख्येत कामगारच नाही. म्हणजे चार माणसांचे काम बघणारी, स्वतः वरून दाबली जाणारी टीम लीडर या दारात उभी राहू शकत नाही.

कारखान्यातल्या माणसाचे समाधान कशावर ठरते, याचा अभ्यास जगात शंभर वर्षे चालू आहे. त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या शेजारी अहमदाबादला झाला, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतले ए. के. राइस कॅलिको मिल्समध्ये आले. तिथे नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन वाढत नव्हते आणि कापड खराब निघत होते. यंत्रे नवी होती. कामाची वाटणी मात्र अशी तुकड्या-तुकड्यांत झाली होती की, एक माणूस अनेकांसाठी राबत होता आणि कोणत्याही मागाची पूर्ण जबाबदारी कोणावरच नव्हती. राइस यांनी सुचवले की, ठरावीक मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे सोपवा आणि आतली कामे त्यांनाच वाटून घेऊ द्या. कामगारांनी ही कल्पना उचलली आणि आपले गट आपणच बनवले. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. पर्यवेक्षकाचे काम संपले नाही, बदलले. प्रत्येकाच्या मागे उभे राहण्याऐवजी गटाला सूत वेळेवर मिळते का, बिघाड लगेच दुरुस्त होतो का, हे तो पाहू लागला. आपल्या कंपन्यांत आज रोज सकाळी ‘स्टेटस’ विचारणाऱ्या प्रत्येक साहेबाने सत्तर वर्षांपूर्वीची ही गोष्ट वाचावी.

अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. वाईट देखरेखीमुळे माणूस नाराज होतो, पण नुसती देखरेख सुधारली म्हणून तो समाधानी होत नाही. समाधान येते ते काम पार पडल्याच्या आनंदातून, त्याची दखल घेतली गेल्यामुळे आणि जबाबदारी मिळाल्यामुळे, असा त्यांचा निष्कर्ष. तो बरोबर आहे. फक्त त्यात भर घालायला हवी की, दखल कोण घेतो आणि जबाबदारी कोण देतो? ती माणसापर्यंत पोचते त्याच वरिष्ठाच्या हातून. गॅलप या सर्वेक्षण संस्थेने २०१५ मध्ये मांडलेला आकडा म्हणूनच पटतो: एका टीममधली माणसे कामात मन घालतात आणि दुसरीतली घालत नाहीत, या फरकातला किमान ७० टक्के वाटा त्यांच्या मॅनेजरचा असतो. आणि हा प्रश्न मनापुरता राहत नाही. स्वीडनमध्ये तीन हजारांवर पुरुष कर्मचाऱ्यांचा सुमारे दहा वर्षे पाठपुरावा करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, ज्यांनी आपल्या वरिष्ठाला चांगले गुण दिले त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. त्याच जागी नोकरीची वर्षे जितकी जास्त, तितका हा संबंध ठळक.

‘आधी पगार द्या, मग साहेबाचे बघू’ असे कोणी म्हणेल, तर त्याचे म्हणणे खरे आहे. किमान वेतनही पुरते हातात न पडणाऱ्या सफाई कामगाराला गोड बोलणारा सुपरवायझर देऊन त्याचे समाधान करता येणार नाही, आणि तसा प्रयत्न करणे हा अपमान आहे. वेतन, सुरक्षा, तास ही पहिली पायरी. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात असे हजारो लोक आहेत ज्यांना पगार बरा मिळतो, विमा आहे, कँटीन आहे, घरापासून बस आहे, आणि तरी रविवारी संध्याकाळी त्यांच्या पोटात गोळा येतो. ज्या रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंड्यांनी लढा दिला आणि १० जून १८९० रोजी ती गिरणी कामगारांना मिळवून दिली, ती सुट्टी सोमवारच्या धास्तीत आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘अर्जंट’ निरोपांत जाते. खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झालेला नाही. त्याच्या उलट, आठवड्याला ७० आणि ९० तास काम करा असे सांगणारे उद्योगातले मोठे आवाज गेल्या तीन वर्षांत आपण ऐकले. २०२४ मध्ये पुण्यात, नोकरीला लागून काही महिनेच झालेल्या एका तरुणीचा मृत्यू झाला. त्यानंतर तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. चार दिवस चर्चा झाली आणि थांबली.

मग हे मॅनेजर मुळात वाईट माणसे असतात का? तसे मानणे अन्यायाचे होईल. ते तयार कसे होतात ते पाहा. जो सर्वांत चांगला कोड लिहितो त्याला टीम लीडर करतात. जो सर्वांत जास्त विक्री करतो त्याला एरिया मॅनेजर करतात. बऱ्याच ठिकाणी पगार वाढवण्याचा दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो. ज्याला यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखता येतो, त्याला माणसाचा चेहरा वाचता येईलच असे नाही, आणि ते शिकवायला कोणी बसत नाही. पंचविशी-तिशीतल्या मुलाच्या हाती दहा-बारा जणांची उमेद सोपवली जाते, आणि प्रशिक्षण म्हणून दोन दिवसांचे एक शिबिर. वरून महिन्याचे टार्गेट, खालून रजेचे अर्ज, आणि मध्ये तो. स्वतःच्या साहेबाने जसे वागवले तसेच तो पुढे वागवतो.

त्यात कंपनीचे नियम भर घालतात. अनेक ठिकाणी अप्रेझलला बेल कर्व्ह लावतात. टीममधल्या सगळ्यांनी उत्तम काम केले असले तरी कोणाला तरी खालच्या रकान्यात टाकावेच लागते. ते नाव कोणाचे, हे ठरवून त्याच्यासमोर बसून कारणे रचण्याचे काम मॅनेजरचे. प्रामाणिक मॅनेजर त्या खोलीतून खोटे बोलून बाहेर पडतो, आणि समोरच्याचा त्याच्यावरचा विश्वास तिथेच संपतो. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी सक्तीची उतरंड बंद केली. आपल्याकडच्या ज्या कंपन्यांत ती अजून चालू आहे, त्यांनी ती यंदा बंद करावी.

चांगला साहेब कसा असतो हे सांगायला मोठे शास्त्र लागत नाही. ज्यांच्या वाट्याला तो आला ते वर्षानुवर्षे त्याची आठवण काढतात, आणि त्या आठवणी फार साध्या असतात. चूक झाली तेव्हा चारचौघांत न बोलता केबिनमध्ये बोलावून बोलला. वरच्या मीटिंगमध्ये ‘हे काम हिचं आहे’ असे नाव घेऊन सांगितले. नको ती डेडलाइन आली तेव्हा ग्राहकाला ‘नाही’ म्हणाला आणि त्याचा त्रास स्वतः सोसला. पाळीचे वेळापत्रक आदल्या रात्री न टाकता दोन आठवडे आधी लावले. बाळंतपणानंतर परत आलेल्या बाईला बिनमहत्त्वाच्या कामाला न लावता तिचे जुने काम तिला दिले. यात एकाही गोष्टीला कंपनीचा एक रुपया खर्च झालेला नाही. असे साहेब नवी मुंबईत आहेत, पुष्कळ आहेत. त्यांच्या टीममधली माणसे दुसरीकडे दोन-चार हजार जास्त मिळत असूनही जात नाहीत. पण मॅनेजरच्या अप्रेझलमध्ये या कमाईला सहसा रकाना नसतो.

तो रकाना हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मॅनेजरची बढती आणि बोनस ठरवताना त्याच्या हाताखालून वर्षभरात किती जण गेले, किती जणांनी दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली, त्यांच्या रजा किती वेळा नाकारल्या गेल्या, याचा हिशेब उत्पादनाच्या आकड्यांशेजारी मांडला पाहिजे. जाणाऱ्याची मुलाखत त्याचा साहेब ज्याला उत्तरदायी आहे त्या साखळीबाहेरच्या माणसाने, आणि रिलिव्हिंग लेटर हातात दिल्यानंतर घ्यावी. चांगल्या तंत्रज्ञाला माणसांचा साहेब न होताही पगारात वर जाता आले पाहिजे. तक्रार निवारण समितीत कंत्राटी कामगारांना आणि टीम लीडरच्या स्तरावरच्या लोकांनाही दाद मागता यावी, अशी तरतूद राज्य सरकारने करावी. कामगार संघटनांनीही वेतनकराराच्या मागण्यांत वागणुकीचे एक कलम घालावे. नव्या विमानतळावर आणि त्याच्या भोवती आता हजारो नोकऱ्या तयार होत आहेत, तिथले सुपरवायझर अजून नेमले जात आहेत. तिथे हे सुरुवातीपासून करता येईल. पुढे सवयी पडल्यावर फार अवघड जाते.

आणि मॅनेजरांना एक विनंती, जिला कंपनीच्या परवानगीची गरज नाही. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, म्हणजे कोकणात जाणाऱ्या गाड्यांची तिकिटे जुलैच्या मध्यात काही मिनिटांत संपतील. दरवर्षी या शहरातली असंख्य माणसे रजा मिळेल या आशेवर तिकीट काढतात आणि सप्टेंबरमध्ये ‘बघू, आदल्या आठवड्यात सांगतो’ हे उत्तर ऐकतात. कोणी शेवटी उभ्याने प्रवास करतो, कोणी जातच नाही. तुमच्या टीममध्ये सिंधुदुर्गातले, रत्नागिरीतले, रायगडातले कोण आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. जूनअखेर त्यांना एकत्र बसवा, कोण कधी जाणार हे त्यांनाच आपसांत ठरवू द्या, आणि १० जुलैच्या आत त्या रजा मंजूर करा.